आत आहे म्हणे

बॅलार्ड इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावर
एकतीस वर्षं मी स्पॅनिश वाचलं,
ते कादिझहून येणाऱ्या मालापुरतं:
ऑलिव्ह, बुचाची साल,
एकदा दोन पेट्या चर्चच्या घंटा.
कोनोसिमिएन्तो म्हणजे बिल ऑफ लेडिंग.
हात झोपेतही तेच टाइप करायचा.

निवृत्तीनंतर माझगावच्या कॉन्व्हेंटमधून बोलावणं आलं.
सिस्टर आग्नेलिननी पुढे केली
वाण्याच्या उधारखात्यासारखी लाल कापडी वही.
सिस्टर पुरिफिकासिओन जाऊन चार महिने झालेले.
त्रेपन्न वर्षं मुलींना काजंबटणं शिकवली,
आणि रात्री हे लिहीत होत्या, कुणाला पत्ता नाही.
"इंग्रजी करून द्या, त्रिलोकेकर. मदरहाउस आता मनिलात आहे.
घाई नाही. पण लवकर द्या."
वही बाहेर न्यायची नाही,
म्हणून शिवणवर्गातलं टेबल, खडूचे कपटे, टेप.

पहिल्याच पानावर कोनोसिमिएन्तो.
सवयीनं लिहून गेलो:
देवाचं बिल ऑफ लेडिंग
मला आज पहाटे मिळालं.
हसलो. खोडलं. नॉलेज लिहिलं.
मग त्या नॉलेजकडे बघत बसलो,
सुट्टीतल्या फळ्यासारखं कोरडं.

रेकोहिमिएन्तो.
कोश म्हणतो रिकलेक्शन. पण ती तर आठवण झाली,
आणि बाई काहीच आठवत नाहीयेत,
दिवेलागणीला दोरीवरचे कपडे काढावेत
तसं स्वतःला एकेक करून आत घेतायत.
आमची आई म्हणायची, आवर आता.
भांडी आवर, केस आवर, रडणं आवर.
मला तेवढ्यावर भागलं असतं.
मनिलाला मराठी येत नाही.

देहामिएन्तो. मूठ सैल करणं.
अबॅन्डनमेंट लिहावं तर
पायरीवर टाकून गेलेलं मूल दिसतं.
सिस्टर आग्नेलिन चष्मा पुसत म्हणाल्या, "असू द्या.
आमच्या पायरीवर अशी पुष्कळ आली.
पुरीनंच अंघोळी घातल्या त्यांना."
शब्द तसाच ठेवला.

एका पानावर फक्त: नादा.
शाई पसरलेली, बाकी पान कोरं.
इंग्रजीत नथिंग. चूक काढता येणार नाही.
पण तिकडे नादा म्हणजे 'ती पोहतेय' असंही होतं,
आणि इकडे माझ्या कानाला, काय करू, नाद ऐकू येतो.
निव्वळ योगायोग, त्रिलोकेकर. तळटीप देऊ नकोस.
गोदीत कुणीतरी पत्र्यावर हातोडा मारत होतं.
थांबलं.
थांबल्यावर जे उरलं ते बराच वेळ खोलीत होतं,
मशीनींच्या झाकणांवर, सुयांच्या डबीत.
तळटीप दिली नाही.

शेवटची नोंद आजारपणातली.
अक्षर बसलेलं, वाक्याला क्रियापद नाही.
पुन्हा कोनोसिमिएन्तो.

आमच्या बिलांवर एक ओळ छापलेली असायची:
आत अमुक माल असल्याचे सांगितले आहे.
कप्तान पेटी उघडत नसे.
सील बघायचा, नग मोजायचा, सही ठोकायचा.
आत घंटा आहेत की दगड
ते उतरवून घेणाऱ्यानं बघावं.
इंग्रजीला त्यासाठी तीन शब्द लागतात.
आपल्याकडे एका 'म्हणे'त काम होतं,
आणि नेमका तोच मला कुठे घालता आला नाही.

चौतीस पानं टाइप करून दिली.
सिस्टर आग्नेलिननी चाळली नाहीत, हातात तोलली.
"भेटला का हो तिला?"
"भेटला म्हणे."
"आणि तुम्हाला काय वाटतं?"
मी पावतीपुस्तक ओढलं, लिहिलं:
वही एक, पुठ्ठा लाल, परत केली.
बाहेरून सुस्थितीत.